पणबाई

खोली बघायला गेले तेव्हा भाडं किती, हे विचारायचं राहूनच गेलं. बाईंनी मला दारातच अडवलं आणि विचारलं, "आपल्या गल्लीत नळ थोडाच वेळ येते. समज, शेजारच्या घरी लग्न हाये अन् त्याईनं नळाले मोटर लावली. तू तक्रार करशीन का?"

मी नाशिककडची. मेहकरच्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायची ही माझी पहिलीच नोकरी. बसमधून उतरून थेट इकडे आले होते, हातात बॅग तशीच होती.

"नाही करणार," मी म्हणाले. "लग्नघर आहे. एक दिवस चालायचंच."

"गल्लीच्या टोकाले एक म्हातारी रायते. त्या दिवशी तिच्या नळाले थेंब आला नाही. आता?"

"मग... करीन."

"तक्रार केली. मोटर निघाली. संध्याकाळी त्याच घरून जेवायचं बोलावणं आलं. जाशीन?"

बाईंनी माझ्या हातातली बॅग घेतली आणि आत वळल्या. "विचार करून सांग. घाई नाही. खोली तुहीच हाये."

ते उत्तर मी अजून दिलेलं नाही.

बाई त्याच कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या. पन्नाशी ओलांडलेली, उंच, किंचित पुढे वाकून चालणारी बाई. लग्न केलेलं नव्हतं. कॉलेजात त्यांना मॅडम म्हणत, गल्लीत बाई म्हणत आणि पाठीमागे सगळं गाव पणबाई म्हणे. कुणी काही ठासून बोललं की त्या पूर्ण ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बरोबर हाये. पण..." त्या 'पण'च्या पुढचं ऐकायची कुणाची तयारी नसायची, कारण ते बहुतेक वेळा खरं असायचं.

कुणी भांडण घेऊन त्यांच्याकडे आलं, की त्या आधी डोळ्यांवरचा चष्मा काढून मांडीवर ठेवायच्या. मी एकदा कारण विचारलं. "चेहरा दिसला की मन वळते," त्या म्हणाल्या. "रडणारा माणूस खरा वाटते. पण न रडणाऱ्याचंही काही म्हणणं असते ना." चष्म्याशिवाय त्यांना समोरचं सगळं धुरकट दिसायचं. त्या धुक्याकडे तोंड करून त्या शांतपणे ऐकत बसायच्या.

आठवडी बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा होती. मेथी विकणाऱ्या म्हातारीशी भाव करायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मग कुणीतरी सांगितलं, की म्हातारीची पोरं चांगली कमावती आहेत आणि तिच्या शेजारी बसणारा कोथिंबीरवाला मात्र दुसऱ्याच्या वावरात राबतो. त्या दिवसापासून भाजी घेणं हा खटलाच होऊन बसला. जुडी हातात धरून त्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहायच्या.

"बाई, घ्या नाही तं खाली ठेवा!" म्हातारी ओरडायची. "तुमच्या हातात माही मेथी सुकून राह्यली!"

वर्गातही तेच. चिखलीच्या धान्यबाजारात अडतीचं दुकान असलेल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा वर्गात होता आणि एक मुलगा हमालाचा. माल उतरवायची मजुरी वाढवावी की नाही, यावर बाईंनी व्यापाऱ्याच्या मुलाला हमालाच्या बाजूनं बोलायला लावलं आणि हमालाच्या मुलाला व्यापाऱ्याच्या. मी दाराबाहेरून ऐकत होते. आधी वर्ग खूप हसला. मग हळूहळू हसणं थांबलं, कारण दोघंही फार चांगलं बोलत होते. दुसऱ्या दिवशी व्यापारी कॉलेजात हजर. "पोरगं जेवता जेवता मलेच विचारते, बाबा, पाठ दुखते तं त्याईनं काय करावं? हे शिकवता काय तुम्ही?" बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मंग तुम्ही काय सांगतलं त्याले?" व्यापारी पाणी प्यायला आणि निघून गेला.

मी स्वतःही एकदा यात सापडले. आमच्याबरोबरची एक शिक्षिका माझे तास मुद्दाम शेवटी लावते, म्हणून मी घरी येऊन चडफडत होते. बाईंनी चष्मा काढला. सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "आता ती होऊन बोल."

"म्हणजे?"

"म्हणजे तूच ती. तिच्या घरी लहान लेकरू हाये, सासू हाये. बोल."

मी बोलले. बोलता बोलता माझा राग गेला. आणि खरं सांगायचं तर मला ते मुळीच आवडलं नाही. राग घेऊन आलेल्या माणसाला तो राग घेऊनच परत जायचं असतं. एकदा आलेलं माणूस बाईंकडे पुन्हा का येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांच्यासमोर कुणाची निंदा करता येत नसे, आणि निंदा करता येत नसेल तर माणूस कुणाच्या ओट्यावर बसायला कशाला जाईल? हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं यायचं नाही. कॉलेजच्या स्नेहभोजनात त्यांच्या शेजारची खुर्ची सगळ्यात शेवटी भरायची, बहुधा माझ्यामुळेच.

राहायला गेले त्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाईंकडे पाहुणे आलेत. आतून दोन माणसं बोलल्यासारखा आवाज येत होता. चहा मागायच्या निमित्तानं डोकावले. टीव्हीवर कसलीशी चर्चा चालू होती, आवाज बंद होता, आणि बाई गवारीच्या शेंगा मोडत पडद्यावरच्या माणसांचं दोन्ही बाजूंनी स्वतःच बोलत होत्या. मला बघून त्या जराशा लाजल्या. "ते लोक एकमेकांचं ऐकतच नाहीत," म्हणाल्या. "मंग म्हटलं, आपणच बोलावं."

पण त्या नुसत्याच दोन्हीकडून बोलणाऱ्या नव्हत्या. एकदा नगरपालिकेनं बैठक बोलावली होती. दवाखान्यासमोरच्या हातगाड्यांमुळे रुग्णांच्या गाड्या अडकतात, त्या हातगाड्या हटवाव्यात की नाही, यावर. शिकलेलं माणूस म्हणून बाईंनाही बोलावलं. त्या उभ्या राहिल्या आणि हटवायच्या बाजूनं इतकं नेटकं बोलल्या, की टाळ्या पडल्या. मग म्हणाल्या, "पण पहाटे पहाटे पेशंटच्या माणसाले गरम पोहे कोण देते?" आणि गाडीवाल्यांच्या बाजूनं बोलल्या. मघाशी टाळ्या वाजवणारे आता चिडले.

"बाई, मंग करायचं तरी काय?" एकानं वैतागून विचारलं.

"हटवा. जीव आधी. पण ज्याले दुखवायचं, त्याच्या तोंडावर जाऊन सांगा. नुसता कागद चिकटवू नका."

कुणी गेलं नाही. कागदच चिकटला. तेव्हा बाई स्वतः एकेका गाडीवर गेल्या आणि सांगून आल्या, की गाड्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला न्याव्या लागतील आणि तसं म्हणणाऱ्यांत त्या स्वतःही होत्या. पोहेवाल्या बाईनं त्यांना भर रस्त्यात शिव्या घातल्या. बाई खाली मान घालून सगळ्या ऐकून आल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

त्यांना जवळचं म्हणावं असं एकच माणूस होतं. त्यांचा धाकटा भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा भाऊ शाळेत होता. बाईंनी नोकरी धरली, त्याला शिकवलं, शेतीत उभं केलं. आलेली स्थळं या गडबडीत परत गेली आणि मग यायची थांबली. भाऊ दुसरबीडजवळच्या त्यांच्या गावी राहायचा. शेडनेटच्या जाळीखाली मिरचीचं बियाणं काढायचा. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. मी शेजारच्या खोलीतून ऐकायची. पाऊस, मिरची, भावजयीची तब्येत, भाचीचा अभ्यास. त्या सगळ्या बोलण्यात बाईंच्या तोंडी एकदाही 'पण' यायचा नाही.

आता एका ऊसतोड मजुराच्या मुलीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापासून सुरू झालं.

मी यायच्या थोडं आधीची गोष्ट. बाईंच्या वर्गातली एक मुलगी अचानक यायची बंद झाली. आईवडील ऊसतोडीला जाणारे. वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून त्यांनी तिचं लग्न ठरवलं होतं. अठरा पूर्ण व्हायला वर्ष होतं. बाई त्यांच्या झोपडीवर गेल्या, समजावलं, पुढे ढकला म्हणाल्या. त्यांनी ऐकलं नाही. बाईंनी बालविवाह होतो आहे म्हणून सरकारी अधिकाऱ्यांना कळवलं आणि लग्न थांबलं. मुलीची आई बाईंच्या दारात आली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या घरची पोरगी असती तं असं केलं असतं का?"

"माह्या घरची असती तरी हेच केलं असतं," बाई म्हणाल्या होत्या.

हे मला बाईंनीच सांगितलं. एका संध्याकाळी, भावाचा फोन येऊन गेल्यावर. तो दिवस रविवार नव्हता, म्हणून मी फोन झाल्यावर बाहेर आले, तर बाई ओट्यावर बसलेल्या. भाचीचं लग्न ठरलं होतं. मुलगा चांगला, नात्यातलाच, शिकलेला. भाचीलाही पसंत. भावजयीच्या पोटात गाठ होती आणि मोठ्या दवाखान्यातून तिला घरी न्या म्हणून सांगितलं होतं. तिला लेकीच्या डोक्यावर अक्षता पडलेल्या बघायच्या होत्या.

"अन् पोरीले अठरा पूर्ण व्हायले चार-पाच महिने हायेत," बाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"तू भाऊ होऊन बोल."

मी बोलले. जीव तोडून बोलले, कारण मला ते पटत होतं. चार-पाच महिन्यांत पोरीचं काय बिघडणार आहे? तिला नको असतं तर गोष्ट वेगळी. मरणाऱ्या बाईला तेवढं सुख देऊ नये, असं कोणता कायदा म्हणतो? कायदा माणसासाठी की माणूस कायद्यासाठी? बाई ऐकत होत्या. चष्मा मांडीवर होता.

"चांगलं बोललीस," त्या म्हणाल्या. "खरंच चांगलं बोललीस. आता दुसरी बाजू मी बोलतो."

मग त्यांनी चष्मा उचलला, पदरानं पुसला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. शेवटी एवढंच म्हणाल्या, "तिच्या मायच्या पोटात गाठ नव्हती, म्हणून तिचं थांबवलं का मी? का ती ऊसतोडीवाली होती म्हणून?"

लग्नाच्या दोन दिवस आधी आम्ही भावाच्या गावी गेलो. मला त्यांनी चल म्हटलं नव्हतं, मीच निघाले. घरासमोर मांडव घातला होता. बायका हसत होत्या, मोठमोठ्या पातेल्यांचा आवाज येत होता. भावजय ओसरीत बाजेवर उशीला टेकून बसली होती, अंगात जीव नव्हता, पण केसांत कुणीतरी गजरा माळला होता. बाईंना बघून ती हसली. "आल्या का ताई? म्हटलं, तुमच्याबिगर हळद कशी लावाव."

बाईंनी भावाला शेडनेटकडे नेलं. मी मागे उभी होते. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला नाही.

"बापू, पुढं ढकल," त्या म्हणाल्या. "थोडेच महिने हायेत."

"तिच्याजवळ महिने हायेत का, ताई?"

"माहीत हाये मले."

"मंग काऊन बोलून राह्यली तू?"

"नाही ढकललं तं मले कळवा लागन."

भाऊ आधी हसला. त्याला वाटलं ताई गंमत करते आहे. मग त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. "तू कळवशीन? तू? मले लहानाचं मोठं तू केलं ना वं?"

"हाव."

"कळव मंग," तो म्हणाला. "माह्यासमोर कळव."

बाईंनी पर्समधून फोन काढला. आधी चुकीचा नंबर लागला. मग ग्रामसेवकाला लागला, असली लग्नं थांबवायचं काम त्याच्याकडे असतं. गाव सांगितलं, घर सांगितलं, लग्नाचा दिवस सांगितला. पलीकडून काही विचारलं गेलं आणि बाईंनी डोळे मिटले.

"आत्या," त्या म्हणाल्या. "मी पोरीची आत्या हाये."

पुढचं सगळं रीतसर झालं. माणसं आली, आईवडिलांकडून लिहून घेतलं, मांडव उतरला. कुणी आरडाओरडा केला नाही. भावजयीनं फक्त कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. आम्ही निघालो तेव्हा भाऊ फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, "ताई, आता माह्या घरी येऊ नको. अन् तुहं तोंडही दाखवू नको मले."

रविवारचा फोन बंद झाला. तरी रविवारी सकाळी बाई त्या वेळेला फोनजवळ बसायच्या. मी कधी मध्ये पडले नाही.

भावजय दिवाळीच्या आधी गेली. बाईंना कुणी कळवलं नाही. बसस्टँडवर त्यांच्या गावचा एक माणूस भेटला, त्यानं सहज विचारलं, "दहाव्याले जाऊन आल्या का?" तेव्हा त्यांना कळलं. पुढं भाची अठराची झाली आणि तिचं लग्न त्याच मुलाशी झालं. मुलगा थांबला होता. म्हणजे सगळं तसंच झालं. फक्त बाजेवर कुणी नव्हतं. आमंत्रण आलं नाही. लग्नाच्या दिवशी बाई कॉलेजात गेल्या, तास घेतले, घरी आल्या आणि मला म्हणाल्या, "बरोबर होतं ते. पण चांगलं नव्हतं." त्या विषयावर त्या माझ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत.

एक माणूस मात्र आलं. ती ऊसतोडीवाली आई. गावाकडं परत आल्यावर तिला कुणीतरी सांगितलं असावं. ती पायरीवरच बसली, आत यायला तयार होईना. बाई लगबगीनं बाहेर आल्या. इतक्या दिवसांत मी त्यांचा चेहरा असा बघितला नव्हता. वाट बघत होत्या त्या, हे मला तेव्हाच कळलं. ही बाई तरी म्हणेल, की बाई, तुम्ही बोलल्यासारखं वागलात.

"बाई," ती म्हणाली, "असं कराले नाही पाह्यजे होतं तुम्ही."

बाई उभ्याच राहिल्या.

"मी रागात बोलली होती वं. रागात माणूस काहीबी बोलते. त्या बोलण्यापायी तुम्ही त्या मरणाऱ्या बाईचं..." तिनं पदर तोंडाला लावला. "माह्या डोक्यावर कायले ठेवलं हे?"

बाईंनी तिला पाणी दिलं. ती प्यायली नाही. तिची मुलगी आता नर्सिंगला होती आणि बरं चाललं होतं, हे ती उठता उठता सांगून गेली. ते तिनं आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

त्यानंतर बाईंनी भांडणं ऐकायचं सोडलं. कुणी आलंच तर म्हणायच्या, "मले नका विचारू." टीव्हीसमोरही गप्प बसायच्या. पाठीमागे बोलणाऱ्यांना त्यांचं नाव बदलावं लागलं नाही, कारण हळूहळू त्यांच्याबद्दल कुणी बोलायचंच थांबलं.

माझी बदली झाली, लग्न झालं, मी नाशिकला परत गेले. सणावाराला फोन करायची. गेल्या वर्षी कॉलेजच्या एका कामासाठी मेहकरला यावं लागलं. घरी गेले, तर कुलूप. शेजारीण म्हणाली, "बाई दवाखान्यात हायेत." मी घाबरले. "त्याईले काही नाही झालं," ती म्हणाली. "त्याईचा भाऊ भरती हाये."

भावाला छातीत दुखलं म्हणून मेहकरला आणलं होतं. वॉर्डबाहेरच्या लांबलचक वऱ्हांड्यात, अगदी शेवटच्या बाकावर, बाई बसलेल्या दिसल्या. केस पूर्ण पांढरे झाले होते.

"आत नाही गेलात?"

"त्यानं सांगतलं हाये ना, तोंड दाखवू नको म्हणून." त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. एखादा नियम सांगावा तसं सांगितलं. "अठी बसलं तर त्याले दिसत नाही. नर्स सांगते मले, कसा हाये ते."

त्या रोज येत होत्या. सकाळी यायच्या आणि भेटायची वेळ संपली की जायच्या. भाची एकदोनदा जाताना दिसली, तिनं मान वळवली, एवढंच. त्या दिवशी भावाला घरी सोडणार होते. मी बाईंच्या शेजारी बसले.

दुपारी चाकांच्या खुर्चीवरून त्याला बाहेर आणलं. मागे दवाखान्याचा माणूस होता, पुढे भाची सामान घेऊन गाडीकडे गेली होती. बाहेर जायची वाट आमच्या बाकावरूनच होती. बाईंच्या ते उशिरा लक्षात आलं. त्या गडबडल्या, उठायला वेळ नव्हता, म्हणून बसल्या जागीच त्यांनी अंग वळवलं आणि तोंड भिंतीकडे केलं. डोक्यावरून पदर पुढे ओढला. पाठमोरी म्हातारी बाई, एवढंच आता कुणालाही दिसलं असतं.

खुर्ची आमच्यासमोर आली आणि भावानं हात वर केला. "थांब," तो त्या माणसाला हळूच म्हणाला.

तो बाईंच्या पाठीकडे बघत राहिला. फार खंगला होता. त्यानं एकदा हात पुढे केला, पण तो बाकाच्या कडेपर्यंतच आला आणि मागे गेला. माझ्याकडे पाहून त्यानं मान हलवली. सांगू नका, असं. मग खुर्ची पुढे गेली, उतारावरून खाली, आणि गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

बाई अजून तशाच होत्या.

"गेला का?"

"गेले."

"पाह्यलं का त्यानं?"

एकानं सांगू नका म्हटलं होतं आणि एक विचारत होती. दोघंही म्हातारे, दोघंही थकलेले. मी फार विचार केला नाही.

"पाहिलं," मी म्हणाले. "थांबले होते ते. तुमच्या मागे."

बाईंचे खांदे हलले. पदर मागे सारून त्यांनी विचारलं, "लई वेळ थांबला होता का?"

"हो. बराच वेळ."

"मले कळलं नाही वं," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, कोणी तरी दुसरं असन."

मी त्यांचा हात धरला. घरी जाऊ या म्हणाले. त्या नको म्हणाल्या. "तू जा. तुही गाडी निघून जाईन. मी बसतो जराशी."

माझी गाडी खरंच निघत होती. फाटकापाशी जाऊन मी वळून पाहिलं. पुढच्या पेशंटची माणसं येऊन त्याच बाकावर दाटीवाटीनं बसली होती, डबे उघडत होती, मोठ्यानं बोलत होती. बाईंनी सरकून त्यांना जागा करून दिली होती आणि त्यांच्या अगदी कडेला, भाऊ जिथं थांबला होता त्या फरशीकडे बघत, त्या बसून होत्या.